हवेत संपलेली धावपट्टी

विमानाच्या पुढच्या काचांना वायपर असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. असतात, आणि एसटीच्या वायपरपेक्षा फार वेगळे नसतात. डावीकडचा कॅप्टनपुढे, उजवीकडचा सहवैमानिकापुढे. पस्तीस हजार फुटांवर त्यांना काही काम नसतं. काम पडतं ते पावसात उतरताना, शेवटच्या दीड-दोन मिनिटांत, जेव्हा वैमानिकाला यंत्रांवरची नजर उचलून काचेबाहेर धावपट्टीचे दिवे शोधायचे असतात. ७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी केरळमधल्या कोळिकोड विमानतळावर उतरताना कॅप्टनच्या बाजूचा वायपर २७ सेकंद चालला आणि थांबला.

विमान एअर इंडिया एक्स्प्रेसचं होतं, बोइंग ७३७-८००. दुबईहून निघालेलं. कोविडच्या टाळेबंदीत आखातात अडकलेल्यांना परत आणण्यासाठी 'वंदे भारत' मोहीम चालू होती, त्यातली ही फेरी. विमानात १८४ प्रवासी होते आणि त्यांत दहा तान्ही मुलं. दोन वैमानिक आणि चार केबिन कर्मचारी धरून एकूण १९०. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विमान धावपट्टी ओलांडून टेकडीवरून खाली कोसळलं आणि त्याचे तुकडे झाले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले.

मराठी घरांत या अपघाताची हळहळ जरा जास्त झाली, कारण कॅप्टन दीपक साठे आपल्यातले होते. मूळ घर नागपूरचं, खडकवासल्याच्या एनडीएतून हवाई दलात गेलेले, प्रशिक्षण संपताना मानाची तलवार मिळवलेले, विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर एक मजकूर फिरू लागला: चाकं बाहेर येत नव्हती म्हणून त्यांनी विमानाला तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, त्यामुळे आग लागली नाही आणि एवढे लोक वाचले. मलाही तो मजकूर तीन-चार ठिकाणांहून आला होता. वाचून डोळ्यांत पाणी यावं असाच होता, पण घडलं तसं नव्हतं. चाकं व्यवस्थित बाहेर आली होती आणि टाक्यांत दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं इंधन होतं. विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. त्या अहवालातले आकडे समोर ठेवून विमान पावसात कसं उतरतं, आणि त्या संध्याकाळी ते कुठे चुकलं, हे पाहता येतं. त्यासाठी शाळेतलं त्रैराशिक पुरतं.

आधी उतरण्याची वाट. विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे एकोणीस मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेला उतारसुद्धा याहून तीव्र असतो. ढगांत किंवा पावसात ही वाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जमिनीवरून दोन रेडिओ लहरी सोडलेल्या असतात. एक सांगते तुम्ही धावपट्टीच्या मध्यरेषेच्या डावीकडे आहात की उजवीकडे, दुसरी सांगते उताराच्या वर आहात की खाली. या व्यवस्थेला आयएलएस म्हणतात. ऑटोपायलट या लहरी धरून विमान खाली आणत राहतो. पण ठरलेल्या एका उंचीवर वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेच पाहिजेत. दिसले नाहीत तर इंजिनांना पूर्ण जोर देऊन वर निघून जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. त्यात नामुष्कीचं काही नाही. पावसाळ्यात मुंबईला येणाऱ्यांनी तो अनुभव घेतलेला असतो: खाली चाळींचे पत्रे दिसायला लागतात, लोक चपला शोधायला लागतात, आणि अचानक इंजिनं गरजून विमान नाक वर करतं. शेजारच्या मावशी रामरक्षा सुरू करतात. खरं तर विमानातला तो सगळ्यात नियमाला धरून चाललेला क्षण असतो.

कोळिकोडला पहिल्या खेपेला हेच झालं. विमान २८ क्रमांकाच्या धावपट्टीवर येत होतं. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. २८ म्हणजे २८० अंश, तोंड पश्चिमेकडे. तीच पट्टी उलट्या टोकाकडून वापरली की तिचं नाव १०, तोंड पूर्वेकडे. वायपर बंद, बाहेर पाऊस, धावपट्टी दिसेना. वैमानिकांनी विमान वर घेतलं. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

गोष्ट बिघडायला लागली ती वाऱ्यापाशी. केरळात ऑगस्टमध्ये वारा कुठून येणार? समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून. त्या संध्याकाळी टॉवरनं सांगितलेला वारा २५० अंशांकडून ८ नॉट होता. २८ वर उतरणाऱ्याला हा वारा समोरून लागतो आणि १० वर उतरणाऱ्याला पाठीमागून. पण मधल्या वेळात तिथून निघणाऱ्या एअर इंडियाच्या एका विमानानं १० क्रमांकाची पट्टी मागितली होती, टॉवरनं ती दिली होती, आणि मग उतरणाऱ्या विमानालाही विचारलं गेलं की १० चालेल का. वैमानिकांनी होकार दिला. टॉवरनं हा बदल घाईत केला आणि ओल्या पट्टीवर पाठच्या वाऱ्यात उतरणाऱ्याचं काय होईल याचा विचार केला नाही, असं अहवालानं स्पष्ट म्हटलं आहे. विमानातही कुणी हिशेब मांडला नाही. एवढ्या वजनाला, एवढ्या वाऱ्यात, ओल्या पट्टीवर किती मीटर लागतील, ही आकडेमोड करायची असते. ती झाली नाही.

नावाड्याला पाठचा वारा आवडतो, वैमानिकाला मात्र उतरताना तो नको असतो. विमानाला तरंगत राहायला हवेच्या तुलनेत ठरावीक वेग लागतो. समजा तो १५१ नॉट आहे. समोरून १४ नॉटचा वारा असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग १३७ नॉट पडतो. तोच वारा पाठून असेल तर १६५. विमानाच्या पंखांना दोन्ही सारखेच. फरक पडतो तो चाकांना. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेले नाहीत. चाकं टेकली त्या क्षणी विमानाला पाठून लागणारा वारा १४ नॉट होता आणि जमिनीच्या तुलनेत वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटर. टॉवरनं सांगितलेल्या ८ नॉटपेक्षा प्रत्यक्षातला वारा बराच जास्त होता.

आता शेवटचे पाचशे फूट. ऑटोपायलट सोडून विमान हातानं चालवायला घेतलं जातं ते साधारण इथेच. या टप्प्यात विमान 'स्थिर' असलं पाहिजे असा जगभरचा दंडक आहे: वेग ठरलेला, उतार ठरलेला, खाली येण्याची गती मिनिटाला हजार फुटांच्या आत. यातलं काही ढळलं की दुरुस्त करत बसायचं नाही, वर जायचं. कोळिकोडला ऑटोपायलट सुटल्यावर खाली येण्याची गती वाढत मिनिटाला १,५०० फुटांपर्यंत गेली. सहवैमानिकानं तसं बोलून दाखवलं. कॅप्टननी दुरुस्ती करतो म्हटलं आणि नाक उचललं. त्या दुरुस्तीत विमान उताराच्या रेषेच्या वर गेलं.

धावपट्टीचं तोंड ओलांडताना चाकं जमिनीपासून सुमारे पन्नास फुटांवर असावी लागतात. तसं असलं की ती तोंडापासून तीनशे ते साडेचारशे मीटरवर टेकतात. तिथे पट्टीवर पांढरे जाड ठोकळे रंगवलेले असतात. खिडकीतून दिसतात, बघा कधी. या विमानानं पट्टीचं तोंड त्याहून बरंच वरून ओलांडलं, वर इंजिनांना थोडा जोरही मिळाला, आणि ते तरंगत राहिलं. बाहेर अंधार, पाऊस, दृश्यता दोन किलोमीटर, समोरच्या काचेवर धड न चालणारा वायपर. अशा काचेतून ओली पट्टी किती खाली आहे आणि किती मागे पडली आहे, याचा अंदाज फसतो. पाण्यातून दिवे फुटून दिसतात. पावसात रात्री घाटातून गाडी चालवलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

विमान १६५ नॉटनं तरंगतं तेव्हा दर सेकंदाला ८५ मीटर पट्टी खालून निघून जाते. एक आवंढा गिळला, ८५ मीटर. 'आता टेकेल' असं मनाशी म्हणेपर्यंत आणखी ८५.

चाकं टेकली ती पट्टीच्या तोंडापासून १,३५३ मीटरवर. पट्टीची लांबी २,७०० मीटर. म्हणजे बरोबर अर्धी पट्टी हवेतच वापरली गेली होती.

इथून पुढचं काम ब्रेकचं. विमान टेकल्यावर पंखांवरचे फळ्यांसारखे भाग उभे राहतात; ते स्पॉयलर. त्यांचं खरं काम हवा अडवण्यापेक्षा पंखांचा उचल-जोर मोडणं, म्हणजे विमानाचं सगळं वजन चाकांवर बसावं. चाकांवर वजन नसेल तर ब्रेक दाबून उपयोग नसतो, रिकाम्या सायकलसारखं चाक नुसतं घसरतं. त्याबरोबर इंजिनांचा झोत पुढच्या दिशेला वळवतात. तो मोठा आवाज आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि बहुतेकांना वाटतं की विमान त्यानंच थांबतं. थांबवतात मुख्यतः चाकांचे ब्रेक. उलट झोताची मदत ओल्या पट्टीवर जास्त मोलाची, कारण तो रबर आणि डांबराच्या मैत्रीवर अवलंबून नसतो.

पाण्यावर टायर तरंगण्याचा प्रकारही सांगून टाकतो, कारण पावसातला कुठलाही अपघात झाला की तो शब्द निघतोच. पट्टीवर पाणी साचलेलं असेल आणि वेग पुरेसा असेल तर टायरखाली पाण्याची पाचर शिरते आणि रबर जमीन सोडतं. किती वेगाला, हे टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. एक जुना ढोबळ हिशेब असा: दाबाचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. आपल्या मोटारीत ३२ पौंड हवा असते, तिचं उत्तर ताशी चौऱ्याण्णव किलोमीटरच्या आसपास येतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जुलैत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. विमानाच्या टायरात दोनशेच्या घरात दाब असतो, तिथे उत्तर ताशी २३५ किलोमीटर. म्हणून धावपट्टीला मध्ये उंचवटा देतात आणि पुष्कळ ठिकाणी आडव्या बारीक खाचा पाडतात, पाणी साचू नये म्हणून. कोळिकोडचा हिशेब मात्र या प्रकाराला हात न लावताही लागतो.

तो हिशेब असा. चाकं टेकली तेव्हा वेग १६५ नॉट. पट्टी संपली तेव्हा विमान अजून ८४.५ नॉटनं, म्हणजे ताशी १५६ किलोमीटरनं पळत होतं. मधलं अंतर १,३४७ मीटर. ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. वर्ग काढून पाहिलं तर टेकतानाच्या ऊर्जेचे शंभर भाग धरता पट्टीवर चौऱ्याहत्तर भाग जिरले, सव्वीस उरले. चौऱ्याहत्तर भागांना १,३४७ मीटर, तर शंभर भागांना किती? सुमारे १,८२५. हे ढोबळच आहे, वेग उतरतो तसा उलट झोताचा प्रभाव कमी होतो वगैरे बारकावे यात नाहीत. पण दिशा कळते.

आता तेच विमान, तोच पाठचा वारा, तीच ओली पट्टी, तेच ब्रेक, फक्त चाकं पांढऱ्या ठोकळ्यांवर, साडेचारशे मीटरवर टेकली आहेत असं धरा. पुढे २,२५० मीटर शिल्लक. लागणार १,८२५. चारशे मीटर राखून विमान थांबलं असतं. चाकं ज्याच्या आत टेकलीच पाहिजेत त्या पहिल्या एक तृतीयांश भागाच्या अगदी टोकाला, म्हणजे नऊशे मीटरवर टेकली असती, तरी पट्टीबाहेर पंचवीसेक मीटर गेलं असतं. आणि उलट बाजूनं पाहा: अर्ध्या पट्टीवरच टेकलं, पण वारा पाठून नसून तेवढाच समोरून आहे. टेकण्याचा वेग १३७ नॉट, थांबायला लागणार १,२५८ मीटर, शिल्लक १,३४७. कागदावर तरी थांबलं असतं. उशिरा टेकणं किंवा पाठचा वारा, यातलं एकच काही असतं तर त्या पट्टीनं ते पचवलं असतं. पाऊस, वायपर, अंधार यांनी उशीर घडवायला हातभार लावला हे खरं. पण नुसत्या ओल्या पट्टीला दोष देणाऱ्यांनी हे त्रैराशिक एकदा मांडून पाहावं.

मग उशीर होतोय हे दिसत असताना विमान वर का गेलं नाही? अहवालाचं सगळ्यात जड पान हे आहे. कॉकपिटमधल्या दोघांत एकजण विमान चालवतो, दुसरा नजर ठेवतो. नजर ठेवणारे सहवैमानिक अखिलेश कुमार ३२ वर्षांचे होते, कॅप्टन ५९ वर्षांचे. विमान तरंगत पुढे चाललं तसं सहवैमानिकानं आधी सौम्यपणे लक्ष वेधलं, आणि टेकण्याच्या काही सेकंद आधी गो-अराउंड म्हटलं. नियम असा की हा शब्द कॉकपिटमध्ये कुणीही उच्चारला तरी वर जायचंच, चर्चा नंतर. विमान वर गेलं नाही. आणि चालवणारा ऐकत नसेल तर नजर ठेवणाऱ्यानं दांडा स्वतःच्या हातात घ्यायचा असतो. तेही झालं नाही. अहवालानं अपघाताचं संभाव्य कारण म्हणून या दोन्ही गोष्टी नोंदवल्या आहेत. नुसतं लिहायला सोपं आहे. साहेबाच्या हातातली फाइल काढून घेणं आपल्या कचेऱ्यांत कुणाला जमतं? इथे तर समोर मानाची तलवार मिळवलेला माणूस आणि हातात चार-पाच सेकंद.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी हेच सगळं एकदा होऊन गेलं होतं. तीच कंपनी, त्याच जातीचं विमान, दुबईहूनच आलेलं, तशीच टेकडीवरची पट्टी. सहवैमानिकानं तीनदा गो-अराउंड सुचवलं होतं. हवा मात्र स्वच्छ होती. १६६ पैकी १५८ जण गेले.

कोळिकोडच्या कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उड्डाणावर जायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर विश्रांतीच्या तासांचा नियम आडवा आला असता, आणि बदली माणूस नव्हता: कोळिकोडला तेव्हा नेमणुकीवर सहवैमानिक २६ आणि कॅप्टन एक. उतरण्याची ओढ कशातून येते याचं उत्तर शोधताना अहवाल या हजेरीपटापर्यंत गेला आहे. मला तो भाग वायपरपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. वायपर बदलता येतो.

पट्टी संपल्यावर पुढे काय असतं? सपाट जागी माती, गवत, चिखल. १ जुलै २०१९ ला मुंबईत भर पावसात जयपूरहून आलेलं याच जातीचं विमान पट्टीबाहेर गेलं, चिखलात रुतून बसलं, प्रवासी सुखरूप उतरले. मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि आपण सगळ्यांनी कुरकुर केली, एवढंच. कोळिकोडला टेकडी कापून तिच्या माथ्यावर पट्टी केलेली आहे. अशा पट्टीला टेबलटॉप म्हणतात. टोकाला २४० मीटरचा मातीचा सुरक्षा पट्टा होता. तिथे ताशी १५६ किलोमीटरचं साठ टनी विमान रोखायचं तर ब्रेकनं पट्टीवर दाखवलेल्या जोराच्या दुप्पट जोर मातीनं दाखवायला हवा होता. काही देशांत अशा ठिकाणी ठिसूळ, फसफशीत काँक्रीटचे ठोकळे अंथरतात. विमानाची चाकं त्यात चिरडत रुततात आणि वेग मरतो. तेही साधारणतः ७० नॉटनं आलेल्या विमानाचा विचार करून बांधतात, हे ८४.५ नॉटनं आलं होतं. पूर्ण थांबलं नसतं, पण कड्यापर्यंत पोचताना बरंच मंदावलं असतं. अपघातानंतर कोळिकोडला मोठ्या, रुंद अंगाच्या विमानांचं उतरणं बंद करण्यात आलं.

सुरक्षा पट्टा ओलांडून, आयएलएसचे अँटेना आणि कुंपण मोडून विमान सुमारे ११० फूट खाली गेलं आणि विमानतळाच्या हद्दीच्या भिंतीच्या अलीकडे, आतल्या रस्त्यावर आदळलं. आदळताना वेग ४१ नॉट उरला होता. टाक्या फुटून इंधन गळत होतं. आग लागली नाही. मंगळूरला आग लागली होती आणि आठजण वाचले होते. इथे १६९ वाचले.

भिंतीपलीकडे कोंडोट्टीची वस्ती आहे. कोविडमुळे तो भाग तेव्हा प्रतिबंधित क्षेत्र होता, घराबाहेर पडायची बंदी. आवाज ऐकून लोक पावसात धावत आले, इंधनाच्या वासात विमानाच्या तुकड्यांत शिरले, मुलांना उचलून मिळेल त्या गाडीत घालून दवाखान्यांत पोचवलं. रात्री रक्तपेढ्यांसमोर रांगा लागल्या. मुखपट्टी कुणाच्या तोंडावर होती, कुणाच्या नव्हती. आरोग्य खात्यानं नंतर त्या सगळ्यांना विलगीकरणात राहायला सांगितलं, आणि ती माणसं आपापल्या घरी दारं लावून बसली.